प्लग आणि कॉइल नवे, तरी आयडलिंगला इंजिन थरथरते: तपास कोठून सुरू करावा

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. कंपनीकडूनच सीएनजी बसवून आलेली चार सिलिंडरची हॅचबॅक, एक लाख किलोमीटरच्या आसपास चाललेली. मागच्या महिन्यात तिचे चारही स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगीसाठी जास्त व्होल्टेजची वीज पुरवणाऱ्या चारही इग्निशन कॉइल बदलल्या. तेव्हापासून गाडी रस्त्यावर उत्तम ओढते, कात्रजचा घाटही विनातक्रार चढते; परंतु स्वारगेटच्या सिग्नलला थांबली की स्टिअरिंग आणि सीट थरथरू लागतात, एसी लावला की थरथर वाढते आणि चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागून आपोआप विझतो. गॅरेजमध्ये आता कॉइलचा आणखी एक नवा संच टाकून पाहण्याचा सल्ला मिळाला आहे, तो मानावा का, असे आपण विचारले आहे.

माझे मत स्पष्ट आहे: अजून मानू नये. आपण सांगितलेली लक्षणेच कॉइलच्या विरोधात साक्ष देत आहेत, आणि ती कशी, हे आधी समजून घेतले तर पुढचा तपास निम्म्याने सोपा होतो.

प्लगच्या दोन टोकांमधील फटीत ठिणगी उडवण्यासाठी किती व्होल्टेज लागेल, हे मुख्यतः त्या फटीच्या रुंदीवर आणि त्या क्षणी सिलिंडरमध्ये असलेल्या दाबावर ठरते. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर खोल दाबलेला असतो, तेव्हा सिलिंडर हवेने पुरेपूर भरतो, दाब वाढतो आणि कॉइलची खरी परीक्षा होते. कमजोर कॉइल, प्रमाणाबाहेर मोठा गॅप (म्हणजे हीच फट) किंवा बाहेरच्या बाहेर फुटणारी ठिणगी हे दोष बहुधा तिथेच उघडे पडतात. गाडी चढावर धक्के देते, पिकअप घेताना अडखळते. सीएनजीवर तर हे आणखी लवकर दिसते, कारण हवा आणि मिथेनचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. ज्या कॉइल सीएनजीवर कात्रज चढवतात, त्या सिग्नलला उभ्या गाडीत अचानक दुबळ्या पडत असतील, हे मला पटत नाही. अपवाद असू शकतो, पण तपासाची सुरुवात अपवादापासून करू नये.

आयडलिंगची, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन संथ चालण्याची, अडचण वेगळ्या प्रकारची असते. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप, जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण थोडेच जाते, आधीच्या चक्रातील जळालेला वायू त्या मानाने बराच उरतो, आणि असे पातळ झालेले मिश्रण पेट घ्यायला मुळातच नाखूश असते. त्यात बाहेरून थोडी जरी जास्तीची हवा शिरली किंवा ठिणगीचा आकार लहान पडला, तर एखादे चक्र वाया जाते. शिवाय ते वाया गेलेले चक्र याच वेळी हाताला जाणवते. इंजिन ७५० आरपीएमवर (मिनिटाला ७५० फेऱ्यांवर) असताना प्रत्येक सिलिंडर सेकंदाला सुमारे ६ वेळा पेटतो. त्यातला एक सिलिंडर चुकू लागला की सेकंदाला सहा हिसके बसतात आणि ते सीटपर्यंत पोहोचतात. ३,००० आरपीएमवर तोच सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो आणि फ्लायव्हीलचा वेग तो दोष बऱ्याच अंशी झाकून टाकतो. म्हणून फक्त आयडलिंगला होणाऱ्या थरथरीचा संशय मी तीन ठिकाणी घेतो: मोजमापाबाहेर आत येणारी हवा, प्लगचा कमी झालेला गॅप आणि सर्वांत शेवटी व्हॉल्व्ह. इंजिनला आधार देणारे माउंटिंग खचल्यामुळेही थरथर जाणवते, पण त्याने चेक इंजिनचा दिवा लागत नाही आणि ते नेमके प्लग बदलल्याच्या दिवशी खचण्याचेही कारण नाही. तेव्हा ते सध्या बाजूला ठेवू.

आता दुसरा मुद्दा, जो माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे. दुरुस्तीपूर्वी नसलेला दोष दुरुस्तीनंतर आला असेल, तर त्या दुरुस्तीत ज्या ज्या वस्तूला हात लागला त्या वस्तूंची यादी हाच तपासाचा नकाशा असतो. बदललेले भाग आठच असले, तरी हात लागलेल्या वस्तू त्याहून पुष्कळ जास्त असतात. बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये कॉइलपर्यंत पोहोचण्यासाठी एअर फिल्टरचा डबा किंवा थ्रॉटलकडे जाणारी रबरी नळी काढावी लागते. त्या नळीला इंजिनच्या वरच्या झाकणाकडून (टॅपेट कव्हरकडून) येणारा, इंजिनातील वाफा नेणारा ब्रीदर पाइप जोडलेला असतो. जवळच मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांवर, तिथला दाब मोजणारा मॅप सेन्सर आणि त्याचा कपलर (वायरची जोडणी) असतो, ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरकडे जाणारा व्हॅक्यूमचा पाइप असतो, पेट्रोलच्या वाफा आणणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा बारीक पाइप असतो. आणि सीएनजीच्या गाडीत या सगळ्यांवरून गॅसच्या नळ्या आणि वायरिंग गेलेले असते. दहा वर्षे उष्णता खाल्लेले रबर एकदा ओढून परत बसवले, की क्लिपखाली चिरते. वरून पाहिले तर पाइप जागेवर दिसतो. खालच्या बाजूची चीर बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पहिली तपासणी हातांनी करावी. इंजिन थंड असताना, चांगल्या उजेडात, वर सांगितलेला प्रत्येक पाइप दोन्ही टोकांना धरून हळूच फिरवून पाहावा. क्लिप घट्ट आहे का, नळी तिच्या तोंडावर पूर्ण चढली आहे का, ऑइलची दांडी आणि ऑइल भरण्याचे झाकण नीट बसले आहे का, हे पाहावे. ब्रीदरच्या मार्गाने इंजिन तिथूनही हवा ओढते. प्रत्येक कपलर मागे ओढून पाहावा. लॉक बसलेला कपलर सुटत नाही. नुसता टेकवलेला कपलर थरथरीने मधूनच संपर्क सोडतो, आणि आपला दिवा लागून विझतो तसा दिवा त्यानेही लागू शकतो.

त्यानंतर इंजिन सुरू करून एक साधी चाचणी करता येते. ती मोकळ्या जागेत करावी; सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणे कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते. सपाट जागी हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला ठेवून ब्रेकवरचा पाय काढावा. सिग्नलला आपला पाय ब्रेकवर असतो. पाय काढल्यावर थरथर कमी झाली आणि ठेवल्यावर पुन्हा वाढली, तर बूस्टर किंवा त्याचा पाइप बाहेरची हवा आत सोडत आहे, असे समजावे. मग फडक्यात धरलेल्या पक्कडीने पर्जचा आणि ब्रीदरचा रबरी पाइप आळीपाळीने हलकेच दाबून पाहावा. ज्या पाइपावर इंजिनचा आवाज स्वच्छ होईल, तिथे शोध थांबतो. हवा कुठून शिरते हे पाहण्यासाठी गरम इंजिनवर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तो द्रव झटकन पेट घेतो, आणि गॅसच्या गाडीवर तर तो प्रयोग मी कोणालाही करू देत नाही. धुराचे मशीन असलेल्या गॅरेजमध्ये हे काम सुरक्षितपणे होते.

गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारा स्कॅनर उपलब्ध असेल तर त्यावरचे काही आकडे फार बोलके असतात. चावी चालू, इंजिन बंद या स्थितीत मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने इथे तो ९५ किलोपास्कलच्या आसपास दिसतो. पुस्तकातला १०१ चा आकडा दिसला नाही म्हणून सेन्सर खराब ठरवू नये. गरम इंजिनवर, एसी बंद असताना आयडलिंगला हा आकडा साधारण ३० ते ४० पर्यंत उतरला पाहिजे. तो ५० च्या पुढे रेंगाळत असेल, तर इंजिन हवा ओढत आहे किंवा त्याचा श्वास व्हॉल्व्हमधून सुटत आहे.

गाडीचा संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते दाखवणारा फ्युएल ट्रिम वाचताना मात्र सावध राहावे लागते. आयडलिंगला ट्रिम २० टक्के अधिक आणि २,५०० आरपीएमवर जवळजवळ शून्य, म्हणजे व्हॅक्यूमची गळती, हा नियम हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरच्या गाड्यांना चांगला लागू पडतो. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या गाड्या मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचा अंदाज घेतात. तिथे बाहेरून शिरलेली हवाही दाबाच्या रूपाने मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फारसा न हलता आयडलिंग वाढते किंवा संगणक थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त बंद करतो. दुसरे असे की, न पेटलेल्या सिलिंडरमधील ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो, ऑक्सिजन सेन्सरला तो इंधन कमी असल्याचा पुरावा वाटतो आणि संगणक उगाचच पेट्रोल वाढवतो. अशा वेळी अधिक ट्रिम हा मिसफायरचा, म्हणजे सिलिंडर न पेटण्याचा, परिणाम असतो, कारण नव्हे. आणि २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला जळण्यासाठी हवेचे प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पट लागते. म्हणून जुन्या गाडीत काही टक्के अधिक ट्रिम कायम दिसला, तर त्याचा अर्थ लगेच गळती असा लावू नये.

हवेच्या बाजूने सर्व ठीक असेल, तर प्लग बाहेर काढावेत. इथे बरेच काही पाहण्यासारखे असते आणि घाई केली तर ते हातचे जाते. प्रत्येक प्लग काढताना त्याचा सिलिंडर क्रमांक कागदावर लिहून त्याच कागदावर ठेवावा. गॅप फिलर गेजने मोजावा आणि गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. पेट्रोलच्या गाड्यांत तो साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटर असतो, सीएनजीसाठी अनेकदा कमी सांगितलेला असतो. नवा प्लग हातातून फरशीवर पडला, की बाजूचे टोक मधल्या टोकाकडे दबते आणि गॅप अर्ध्यावर येऊ शकतो. असा प्लग घाटात उत्तम चालतो, कारण लहान फटीत ठिणगी सहज उडते. पण आयडलिंगच्या पातळ मिश्रणात त्या चिमुकल्या ज्योतीची उष्णता दोन्ही टोकांचा धातूच शोषून घेतो आणि ती वाढण्याआधी विझते. आपल्या गाडीच्या लक्षणांशी हे इतके जुळते, की हवेच्या गळतीनंतर माझा दुसरा संशय इथेच आहे. ‘सीएनजीची गाडी आहे’ म्हणून गॅप अंदाजाने ठोकून कमी केलेला असण्याचीही शक्यता आहे; हे गॅरेजमध्ये सरळ विचारून घ्यावे. इरिडियमच्या प्लगमध्ये मधले टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असते; त्यावर टेकू घेऊन गॅप वाढवला तर ते तुटते, म्हणून बदल करायचाच तर फक्त बाहेरचे टोक वाकवावे.

मग पांढरे पोर्सिलिन उजेडात फिरवून पाहावे. पाना तिरका धरून प्लग आवळला गेला असेल, तर षटकोनाच्या वर केसासारखी तडा जाते. वरच्या टोकापासून खाली आलेली, पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी आत न जाता बाहेरूनच इंजिनच्या धातूकडे जात आहे. तशीच रेघ कॉइलच्या रबरी बुटाच्या आतही उमटलेली असते आणि प्लग व बूट दोन्ही बदलावे लागतात. एकच बदलला तर दुसऱ्यावरची रेघ नव्या भागावर पुन्हा उमटते. मात्र पोर्सिलिन जिथे धातूच्या कवचात शिरते तिथे दिसणारे तपकिरी कडे हा दोष नव्हे. तिथल्या विद्युतभारामुळे हवेतील तेलकट कण चिकटून ते तयार होते. त्याला गळती समजून चांगले प्लग टाकून दिलेले मी पाहिले आहेत.

प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत टॉर्चने पाहावे. तळाशी ऑइल साचले असेल तर टॅपेट कव्हरच्या आतील सील कडक झाले आहेत आणि ते ऑइल नवे बूटही काही महिन्यांत फुगवून टाकील. कव्हरचे पॅकिंग सीलसह बदलणे हा त्यावरचा उपाय आहे. जुलैच्या पावसात किंवा इंजिनवर प्रेशरचे पाणी मारून धुतल्यावर दोष वाढत असेल, तर विहिरीतील ओल आधी तपासावी. प्लग परत बसवताना आधी हातानेच आटे धरावेत. १४ मिलिमीटर आट्यांचा, नव्या वॉशरचा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून नंतर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळतात. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतील आकडा घ्यावा. सैल राहिलेला प्लग दाब सोडतो आणि नीट थंडही होत नाही. नामांकित ब्रँडच्या नावाने बनावट प्लग बाजारात फिरतात, म्हणून पुण्यातील नाना पेठेच्या बाजारातून घेतले असले तरी पक्के बिल आणि रिकामी खोकी जपून ठेवावीत, आणि प्लगवरचा क्रमांक, म्हणजे हीट रेंज (प्लगची उष्णता सोडण्याची क्षमता) आणि आट्यांची लांबी, पुस्तिकेतील क्रमांकाशी एकेक अक्षर जुळवून पाहावा.

आपल्या गाडीत दोन इंधने आहेत, याचा तपासात मोठा फायदा होतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर काही मिनिटे पेट्रोलवर आणि काही मिनिटे गॅसवर आयडलिंगला उभे ठेवून पाहावे. दोन्हींवर सारखीच थरथर असेल तर दोष दोघांना सामाईक असलेल्या हवा, ठिणगी किंवा व्हॉल्व्ह यांत आहे. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर आणि त्यांचे कपलर पाहावेत. वर्षानुवर्षे गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर वापराअभावी चिकटतात. फक्त गॅसवर असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर आणि ट्युनिंग, हे काम अधिकृत सीएनजी केंद्राकडे द्यावे. गॅसचा वास येत असेल तर बाकी सगळा तपास बाजूला ठेवून आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा.

दिवा लागून विझला तरी दोषाचा क्रमांक, म्हणजे कोड, बहुधा संगणकाच्या स्मृतीत राहतो. पी ०३०१ ते पी ०३०४ हे कोड त्या त्या क्रमांकाचा सिलिंडर चुकत असल्याचे सांगतात, पी ०३०० हा अनेक सिलिंडर आलटूनपालटून चुकत असल्याचा आहे, तर पी ०३५१ पासून पुढचे कोड कॉइलच्या विद्युतमार्गाचे आहेत. समजा पी ०३०२ आला. तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावावी, कोड पुसावा आणि इंजिन पुन्हा गरम करून पाहावे. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल दोषी आहे आणि एकच कॉइल वॉरंटीत बदलून मागावी. तो दुसऱ्यावरच राहिला तर हेच प्लगच्या बाबतीत करावे. एका वेळी एकच गोष्ट हलवावी, नाहीतर आलेल्या उत्तराचा अर्थ लागत नाही. यात पैसा लागत नाही, म्हणून नव्या संचाचा खर्च करण्याआधी हे करून घेण्याचा आग्रह आपण धरावा.

चालू इंजिनवर एकेक कॉइल उपटून कोणता सिलिंडर मेला आहे हे पाहण्याची जुनी सवय मात्र सोडली पाहिजे. हजारो व्होल्टची ठिणगी मार्ग शोधताना कॉइलच्या आतील इन्सुलेशन फोडते किंवा माणसाच्या हातातून जाते, आणि न जळलेले इंधन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. सिलिंडर बंद करून पाहायचाच असेल तर पेट्रोलवर इंजेक्टरचा कपलर काही सेकंद काढावा किंवा स्कॅनरमधून इंजेक्टर बंद करावा. ज्याला बंद केल्याने आरपीएम पडत नाही तो सिलिंडर आधीच काम करत नाही. याच कारणाने, चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर गाडी पुढे रेटू नये. कन्व्हर्टरची किंमत या सगळ्या दुरुस्तीच्या कितीतरी पट आहे.

काम करताना बॅटरीचे टर्मिनल काढले होते का, हेही विचारावे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाडीत संगणक थ्रॉटलवर साचलेल्या काजळीचा हिशेब धरून आयडलिंगसाठी पाते किती उघडायचे हे हळूहळू शिकलेला असतो. वीज गेली की ते विसरले जाते, आणि एसीचा भार आला की आयडलिंग खाली पडते. त्यासाठी थ्रॉटल बॉडी स्वच्छ करून गाडीच्या पद्धतीप्रमाणे पुन्हा शिकवून घ्यावे लागते. मात्र यात सगळे इंजिन एकसारखे वरखाली होते. एका सिलिंडरचा ठराविक लयीतला हिसका यातून येत नाही.

हे सर्व निर्दोष निघाले आणि तरीही एकच सिलिंडर आयडलिंगला चुकत असेल, तर व्हॉल्व्हकडे वळावे. सीएनजी पेट्रोलसारखा ओलावा देत नाही. लाखभर किलोमीटरनंतर व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे मिटल्यावर व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात ती कडी, झिजून व्हॉल्व्ह वर सरकतात आणि व्हॉल्व्हला पूर्ण मिटण्यासाठी ठेवलेली टॅपेटची फट कमी होत जाते. फट संपली की गरम इंजिनमध्ये व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. आयडलिंगला दाब निसटायला वेळ मिळतो म्हणून सिलिंडर चुकतो. वेग वाढला की निसटायला वेळच उरत नाही आणि गाडी पुन्हा चांगली वाटते. हा दोष कदाचित प्लग बदलण्याआधीच हळूहळू सुरू झाला असेल आणि त्यासाठीच प्लग बदलले गेले असतील, ही शक्यता आपण आठवून पाहावी. गरम इंजिनवर थ्रॉटल पूर्ण उघडून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजावे; सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत १० ते १५ टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर टॅपेटची फट थंड इंजिनवर मोजून घ्यावी. सीट अजून शाबूत असेल तर फट जुळवण्यावर काम भागते. उशीर झाला तर व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, उघडावे लागते.

दुरुस्ती झाल्याची खातरजमा गॅरेजच्या दारात करू नये. कोड पुसून गाडी शहराच्या गर्दीत ४० ते ५० किलोमीटर चालवावी, त्यात दोन्ही इंधने वापरावीत; मग गरम इंजिनवर एसी, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर असल्यास तोही एकदम लावून गाडी पाच मिनिटे उभी ठेवावी आणि स्कॅनरवर प्रलंबित कोड पाहावेत. पक्का कोड होण्याआधी मिसफायरची नोंद तिथे आलेली असते, दिवा लागलेला नसला तरीही.